गुडघ्याच्या नावाखाली

एलोयनं गाडी खाली केली ती निव्वळ हौसेपायी. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण गावभर वेगळंच पसरलं होतं. रविवारी संध्याकाळी एस्पान्योला शहरातल्या रिव्हरसाइड रस्त्यावर एकेक गाडी जमिनीला पोट टेकवून, नव्या नवरीच्या चालीनं जाते. त्या रांगेत बापाच्या वेळची आपली उंच पिकअप घालायची म्हणजे लग्नात गमबूट घालून गेल्यासारखं वाटायचं त्याला. चाळिशी उलटली तरी माणसाची ही हौस फिटेना, त्याला कोण काय करणार?

काम अंगणातच झालं, जर्दाळूच्या झाडाखाली. चुलतभाऊ फिदेल मदतीला होता. दोघांनी गाडी जॅकनं उचलून लोखंडी घोड्यांवर ठेवली आणि गंजक्या नटांना तेल पाजलं. मागच्या चाकांचा आस स्प्रिंगांच्या कमानींखालून सोडवून कमानींच्या वर बसवला. तो वर आदळू नये म्हणून चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, अर्धगोल खाच पाडली, पुढच्या स्प्रिंगा काढून आखूड घातल्या. घोड्या काढल्यावर गाडी जी बसली, ती अंड्यांवरच्या कोंबडीसारखी बसली. एलोय तिच्याभोवती फिरून फिरून बघत होता.

तेवढ्यात त्याची आई, सेफेरिना, काठी टेकत बाहेर आली. तिचा गुडघा गेल्यापासून तिला गाडीत चढता येत नव्हतं, चर्चला जायचं तर शेजाऱ्यांच्या तोंडाकडे बघावं लागे. गाडीला एक पायरी लावून दे म्हणून तिनं पोराला कितीदा विनवलं होतं, आणि हा पठ्ठ्या करतो, करतो म्हणत राहिला होता. हे काय करून ठेवलंस, असं तिनं विचारलं, आणि एलोयच्या तोंडून निघून गेलं,

"तुझ्या गुडघ्यासाठी, आई. आता चढायला सोपं पडेल."

फिदेल खाली वाकून पाने-पकडी गोळा करायला लागला. म्हातारीचे डोळे भरून आले. ती गाडीत बसली, उतरली, पुन्हा बसली. पुढच्या रविवारी चर्चमध्ये तिनं भेटेल त्याला सांगितलं. मग काय, बायका आपापल्या पोरांना एलोयचं उदाहरण देऊन टोमणे मारू लागल्या, आणि एलोयला घास गोड लागेना. कुणी पाठ थोपटली की त्याचे कान तापायचे. त्यात काय एवढं, एवढंच तो म्हणायचा.

मग सान इसिद्रोचा सण आला. शेतकऱ्यांच्या या संताची मूर्ती दरवर्षी याच गाडीच्या मागच्या हौद्यात बसून शेतं बघायला जायची, बापापासून चालत आलेला मान तो. पण वरच्या शेतांच्या वाटेवर पाटाच्या मोरीचा उंचवटा आहे. पाटाचं पाणी वाटणारा पाटकरी प्रोकोपियो, गाव त्याला मानानं डॉन म्हणायचं, आधीच घरी येऊन हळूच म्हणाला, मोरीवर जमेल ना, नाहीतर माझी गाडी आहेच. एलोय तोंड उघडणार तोच आतून आईचा आवाज आला. यंदा मीसुद्धा संताबरोबर वर जाणार, म्हणाली, पोरानं त्याचसाठी तर गाडी खाली केली. झालं. एलोयनं तोंड मिटलं, आणि जमेल म्हणून मान हलवली.

सणाच्या सकाळी आई निळी शाल पांघरून पुढे बसली. काठी तिनं मुद्दाम घरी ठेवली होती. मागे गिटारवाले, त्यांच्यामागे अख्खं गाव. मोरीवर पुढची चाकं चढली, पलीकडे उतरली, आणि गाडीचं पोट उंचवट्यावर बसलं ते बसलंच. मागची चाकं गरगर फिरून धुरळा उडवू लागली. सान इसिद्रो कलला, चौघांनी धावत जाऊन त्याला सावरलं. गाणी थांबली. संताच्या पायाशी आहेत ते लाकडी बैल जुंपा आता, असं मागून कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला.

मूर्ती उतरवून लोकांनी खांद्यावर घेतली. आईसुद्धा दार धरून उतरली आणि सगळ्यांकडे वळली.

"माफ करा रे. माझ्या गुडघ्यापायी झालं हे. नाहीतर त्याची गाडी चांगली उंच होती."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं एलोयला. तो खाली उतरला.

"गुडघ्यासाठी नव्हती केली, आई. रिव्हरसाइडला मिरवायला केली. मी खोटं बोललो."

कुणी हसलं नाही. आई शालीवरची धूळ झटकत राहिली.

"हे घरी सांगायचं होतंस," ती म्हणाली. "गावभर मी सांगत फिरले. आता चार लोकांत मला खोटी पाडलीस."

तो हात द्यायला पुढे झाला. तू गाडी काढ, एवढं बोलून तिनं डॉन प्रोकोपियोचा दंड धरला आणि संताच्या मागोमाग चढ चढायला लागली. फिदेल जॅक घेऊन आला, पण एलोयचं तिकडे लक्ष नव्हतं. वर वळणावर आई थांबली. कुणीतरी तिला दगडावर बसवू पाहत होतं. तिनं खाली मोरीकडे एकदा बघितलं, आणि न बसता पाय ओढत पुढे गेली.