पूजलेल्या चेंडूला लाथ

मित्रांनो, बाळकुमच्या मिठागरावर म्हातारा झालेला मी एक कातडी चेंडू. कल्याणच्या रेल्वेतल्या एका साहेबाने मला जुना म्हणून टाकले, आणि त्याच्याकडे कामाला असलेल्या काळुरामने उचलून गावी आणले.

माळावर दोन बांबू रोवून गोल झाला. गडी रोज समोरूनच मला लाथाडीत आणि गोलातला परशुराम मला सहज धरी. काळुराम कीर्तनवेडा. तो म्हणाला, "बुवा एकच चरण किती चालींवर म्हणतात! आपली चाल एकच, म्हणून परशाला ती पाठ झाली."

मग रोज नवी तालीम सुरू झाली. कधी पळत येऊन मारायचे, कधी गोलाकडे पाठ करून गर्रकन वळून. कुणी बाजूने मला लोटले, की न अडवता डाव्या पायाने धाडायचे. परशुराम चिखलात लोळू लागला. मला तर कीर्तनात नाचल्यासारखे वाटे.

दसऱ्याला मात्र घात झाला. कोयत्या-फावड्यांबरोबर मलाही पाटावर मांडून हळदकुंकू वाहिले. कल्याणच्या रेल्वेवाल्यांशी सामना तोंडावर आलेला, आणि दुसऱ्या दिवशी कुणाचा पाय उचलेना.

"पूजलेल्याला लाथ? मी नाय बा," गड्यांतला रघु म्हणाला.

"मग सामना काय हातानं खेळशील?" काळुराम चिडला.

"खाडीत सोडू. गणपती नाय सोडत?"

माझ्या पोटातली हवा गोठली. खाऱ्या पाण्यात माझे कातडे कुजणार, शिवण उसवणार! रघुने मला डोक्यावर घेतले. बांध आला. खाली भरतीचे काळे पाणी चुबुकचुबुक वाजत होते. मी विठोबाचा धावा करू लागलो.

बांधावर रघुची आई सखुबाई माती लिंपत होती. "कुठं रे निघाली मिरवणूक?"

रघुने सांगितले. ती हसली. "शहाणाच हायेस. पाऊस सरला की आगराची जमीन पायांनी तुडवून घट्ट कोण करतं? तिलाबी नारळ देतो ना आपण? तुडवल्याबिगर मीठ देते काय ती? पाया पड, नि मार."

रघुने मला खाली ठेवले, हात जोडले आणि भीतीने डोळे मिटून लाथ घातली. मी थेट खाडीत! पाणी शिवणीत शिरू लागले. काळुरामने कमरेइतक्या चिखलात उतरून मला ओढून काढले.

"रघ्या," तो धापा टाकत म्हणाला, "डोळे मिटून मारायची चाल मी कधी शिकवली रे?"

मित्रांनो, आम्हा वस्तूंना देव्हारा नको. खेळून झाल्यावर पुसा, तेल लावा, सावलीत ठेवा. आणि लाथ खुशाल मारा, पण डोळे उघडे ठेवून.