भांगातल्या चिंबोऱ्या

एकादशीला चिंबोऱ्या धरायला निघालेला माणूस दयारामनं सासष्ट वर्षांत पाहिला नव्हता. शेवटी पाहिला, आणि तो त्याच्याच पोटचा निघाला.

सकाळचे नऊ वाजले होते. दयाराम ओटीवर बसून चहा पीत होता. विपुलची गाडी दारात थांबली आणि तो चपला न काढताच आत आला. विपुल राहायचा नागावला, सासऱ्याच्या वाडीत. तिथं त्यानं आणि त्याच्या बायकोनं, अमिषानं, चार खोल्या बांधून पर्यटकांसाठी होमस्टे काढला होता. घरी यायचा तो सणासुदीला, नाहीतर काही न्यायला.

"बाबा, तुझी आकडी कुठं हाय?"

आकडी म्हणजे टोकाला वाकवलेली हातभर लोखंडी सळई. खाडीकाठच्या बिळात घालून चिंबोरी, म्हणजे खेकडा, ओढायची ती हीच.

"कशाला रं?"

"अकराच्या लाँचनं गेस्ट उतरतान रेवसला. सहा जणं. मी तुना फोनवर बोललेलो ना? हेरिटेज वॉक. तू त्यांना चिंबोऱ्या धरून दाखवायच्या, मग मी त्यांना नागावला नेनार. बोर्डवर पन तसाच लिवलाय."

दयारामला आठवलं. बोललेला खरा. तेव्हापासून म्हातारा आठवडाभर खुशीत होता. आकडी घासून ठेवली होती, जुना टोपला तारेनं बांधून काढला होता. आपल्याकडचं काही शिकायला कुणीतरी येतंय, यापेक्षा म्हातारपणी दुसरं काय हवं असतं? पण दिवस कुठला ते पोरानं सांगितलं नव्हतं, आणि यानंही विचारलं नव्हतं. खाडीत जायचं म्हणजे तिथी बघूनच जायचं. जेवायला बसताना हात धुवायचे हे काय कुणी विचारतं?

"आज तिथ कंची?"

"शनिवार."

"वार न्हाय इचारला मी. तिथ इचारली."

विपुलनं खिशातून मोबाइल काढला. तेवढ्यात आतून त्याच्या आईचा, सगुणाचा, आवाज आला, "एकादस हाय. माजा उपास हाय, मना त्या चिंबोऱ्यांना हात लावाया सांगू नको रं बाबा."

दयारामनं कप खाली ठेवला. अष्टमीपासून बारशीपर्यंत खाडीला भांग. पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. ओहोटीलाही बिळांवर मांडीभर पाणी राहतं. अवसेपुनवेला उधाण येतं, तेव्हा पाणी लांब मागं हटतं आणि काठ उघडा पडतो. त्यातही पुनवेची चिंबोरी पोकळ, अवसेची भरलेली. या गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असायचं.

"भांगाला कोन जातं रं चिंबोऱ्यांना? आणि ते पन अकराला? पानी तवा निम्म्यातच असंल. काय हाताला लागंल तुज्या पाव्हन्यांच्या?"

"त्याची सोय केलीय मी." विपुलनं गाडीतून एक पिशवी आणली आणि ओटीवर ओतली. आत सुतळीनं आवळलेल्या सात मोठाल्या चिंबोऱ्या. "बाजारातून आनल्यात. बांधाच्या दगडांत घालून ठेवायच्या. तू आकडी घालायची, एकेक काढायची. पाव्हने खूश, आपन खूश."

दयारामनं एक उचलून पाहिली. कवच हिरवट, नांग्या नको तेवढ्या जाड.

"ही आपल्या खाडीची पन न्हाय."

"त्यांना काय कलतंय?"

आता मात्र म्हातारा उसळला. "त्यांना न्हाय कलत, तुना तरी कलतं का रं? चालिशीला आलास नि तुना भांग ठावा न्हाय! माज्या बापानं, येसाजीनं, डोले झाकून बीळ वलखलेली हाईत. पानी कवा फिरतं ते निस्ता वारा अंगावर घेऊन सांगायचा. त्याचा नातू तू, नि बाजारातनं चिंबोऱ्या आनतंस? लाज वाटत न्हाय आगऱ्याच्या पोराला?"

विपुल मोठ्यानं बोलला असता तर बरं झालं असतं. तो हळूच म्हणाला, "मना कोनी शिकवला बाबा? तू?"

आत भांडी घासायचा आवाज थांबला.

नव्वद-पंच्याण्णवचा काळ. खारातली भातशेती होती, पण तिच्यावर वर्ष निघत नव्हतं. दयाराम उरणला कंटेनरच्या यार्डात पहारेकरी लागला. रविवारी घरी आला की आकडी घेऊन खाडीत. हा त्याचा एकच शौक. ना दारू, ना पत्ते. गुडघाभर चिखलात उभं राहून बिळात सळई घातली, आतून खट्ट करून नांगीनं ती धरली, की आठवडाभराचा शीण उतरायचा. पण यार्डात पांढरे शर्ट घातलेले साहेब त्याच्या पायांकडं बघून हसायचे. नखांतला काळा चिखल साबणानं निघत नसे. एकदा एका पोरसवदा साहेबानं सगळ्यांदेखत त्याला बूट काढायला लावले होते, नुसतं हसायला. त्या दिवशी दयारामनं मनाशी ठरवलं, माझ्या पोराचे पाय चिखलात जाणार नाहीत.

आणि विपुल सहावीत असताना, शाळा बुडवून, चुलतभावांबरोबर खाडीत गेला. बापाचीच आकडी चोरून नेली होती. चार चिंबोऱ्या धरल्या. गवताच्या काडीनं स्वतः बांधल्या, नीट, नांग्या आत दुमडून, जशा बांधायच्या तशा. कुणी शिकवलं नव्हतं, बघून बघून आलं होतं. गळ्यापर्यंत चिखलानं माखलेला तो पोरगा दारात उभा राहून हसत होता. दयारामनं त्याला ओल्या दोरीनं मारलं. चिंबोऱ्या बांधलेल्याच उकिरड्यावर फेकल्या. "परत चिखलात पाय घातलास तर तंगडी मोडून ठेवीन," म्हणाला. आणि दुसऱ्या दिवशी यार्डात हे सगळ्यांना छाती फुगवून सांगितलं.

पोरगा आज्ञाधारक निघाला, तिथंच घोटाळा झाला. त्यानं परत पाय घातला नाही. शिकला, डिप्लोमा केला, कंटेनरच्याच एका ऑफिसात पांढरा शर्ट घालून खुर्चीत बसला, मग स्वतःचा धंदा काढला. बापानं जे जे मागितलं ते सगळं त्यानं दिलं. आता बाप त्याला न मागितलेल्या गोष्टीचा जाब विचारत होता.

सगुणा दारात येऊन उभी राहिली. तिनं नवऱ्याकडं पाहिलं, पोराकडं पाहिलं आणि म्हणाली, "अवो, जावा त्याच्यासंगती. उगा शबूद वाढवू नका."

दयाराम उठला आणि आकडी घेतली.

बांधावर दोघांनी मिळून चिंबोऱ्या दगडांच्या फटींत बसवल्या. म्हणजे बसवल्या दयारामनंच. विपुलनं पहिल्याच वेळी सुतळीसकट आत ढकलली. दयारामनं ती परत ओढून काढली.

"बांधलेली चिंबोरी बिलात काय करत व्हती म्हनून इचारतील ते."

"मग सोड ना."

"सोडली तर आत पार जाईल, मंग बस दिवसभर. एक नांगी मोकली ठेवायची, दुसरीला गवात. चिखल फासला की दिसत न्हाय." त्यानं तसं करून दाखवलं. विपुलनं फोनवर आलेला मेसेज वाचला.

सव्वाअकराला पाहुणे आले. त्यांच्यातली रुचिका नावाची बाई पुढं होती, डोक्यावर मोठी टोपी, पायात गमबूट. तिनं दयारामला वाकून नमस्कार केला. म्हातारा गोंधळला. मग त्यानं आकडी घातली, थोडा वेळ उगाच आत फिरवली, "हाय, हाय, आत हाय," म्हणाला आणि ओढली. चिंबोरी बाहेर आली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसरी काढली. टाळ्या. तिसरीला त्यानं मुद्दाम "सुटली, सुटली" केलं आणि मग काढली, तेव्हा तर दोघं-तिघं ओरडलेच. सासष्टाव्या वर्षी आपल्याला नाटकही करता येतं, हे दयारामला नवीन कळलं. कळून आनंद झाला नाही.

रुचिकाबाई व्हिडिओ काढत होत्या. त्यांनी मोबाइल विपुलकडं वळवला.

"विपुल, तुम्हीही लहानपणी हेच करायचात? बाबांबरोबर?"

विपुल हसला. तो पाहुण्यांसमोर हसायचा तसा, दात दाखवून. "मग! बाबांचा हात धरूनच शिकलो. रविवारी पहाटे बाबा मला उठवायचे. मी त्यांच्या खांद्यावर, त्यांच्या हातात आकडी. पहिली चिंबोरी मी सहावीत असताना धरली. चार धरल्या होत्या त्या दिवशी. बाबांनी त्या सगळ्या गावाला दाखवल्या. आईनं कालवण केलं, आणि बाबांनी सगळ्यात मोठी नांगी मला फोडून दिली. हो ना बाबा?"

मोबाइल दयारामकडं वळला. सहा जण त्याच्याकडं बघत होते. विपुलही बघत होता, पण त्याच्या डोळ्यांत काय आहे ते दयारामला ओळखता आलं नाही. राग असता तर ओळखला असता. पोरानं हे सगळं आधीच जुळवून ठेवलं होतं की आत्ता सुचलं, आणि सुचलं तर इतकं नेमकं कुठून, चारच कशा?

"व्हय," तो म्हणाला. "लय हुशार व्हता. नांग्या बांधायला त्याला शिकवावा न्हाय लागला."

"सो स्वीट," रुचिकाबाई म्हणाल्या. विपुलनं मान खाली घातली आणि पिशवी उचलली.

पाहुणे गाडीत बसले. विपुल निघताना दयारामनं त्याची बाही धरली. इतक्या वर्षांत त्यानं पोराला असं कधी थांबवलं नव्हतं.

"बुधवारी अवस हाय. पहाटे पाच-सहाला पानी पार तलाला जाईल. येशील?"

"बुधवारी कोन गेस्ट येतान बाबा? बुकिंग न्हाय एक पन."

"पाव्हन्यांना न्हाय म्हनत. तू ये."

गाडीतून कुणीतरी हाक मारली. "बघतो," तो म्हणाला.

बुधवारी दयाराम पाचला बांधावर जाऊन बसला. उजाडलं. नागावच्या रस्त्यावरून दोन टेम्पो गेले, एक दुधाची गाडी गेली. पाणी तळाला गेलं, काठ उघडा पडला, एकूण एक बिळं दिसायला लागली. सहा वाजले, मग सव्वासहा. पाणी काही कुणासाठी थांबत नाही. तो एकटाच उतरला.

तास-दीड तासात त्यानं नऊ चिंबोऱ्या काढल्या. पोटाला अंडी असलेली एक होती, ती येसाजीच्या शिकवणीप्रमाणं सोडून दिली. राहिल्या आठ, सगळ्या जड, भरलेल्या, आपल्या खाडीच्या. गुडघे चिखलात रुतत होते आणि वर यायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागत होता. त्यानं त्या बांधल्या, टोपल्यात ओला पाला घालून वर ठेवल्या आणि नागावला जाणाऱ्या रिक्षावाल्याच्या हाती दिल्या. "विपुलला सांग, बापानं धाडल्यात. आजच कर म्हनावं, वाटन घालून. पाव्हन्यांना न्हाय, त्याला नि अमिषाला."

दुपारी जेवायला बसला, तेवढ्यात फोन वाजला. सगुणानं बटण दाबून त्याच्या कानाला लावला, कारण त्याचे हात भातात होते.

"बाबा, चिंबोऱ्या पोचल्या. एकदम जबरदस्त. बाजारात असल्या मिलतच न्हाईत."

दयारामचा चेहरा उजळला. "भरलेल्या हाईत बघ. खाल्ल्यास?"

"न्हाय, तशाच ठेवल्यात. मी इचारत व्हतो, या शनिवारपरतूर जित्या रातील का? शनिवारी बारा गेस्ट हायेत. मंग बाजारातून आनाया नको."

दयारामचा घास हातात राहिला. "शनवारी तीज हाय," तो म्हणाला. "सकाली आठाला पानी तलाला असंल. त्यांना तवा आन. खऱ्याच धरून दाखवतो. तुना पन दाखवतो."

"लाँच अकराला लागते ना बाबा. तवर पानी भरंल. त्यापेक्षा ह्याच घालू दगडांत. फक्त जित्या कशा ठेवायच्या ते सांग."

सगुणा नवऱ्याच्या तोंडाकडं बघत होती. तिला वाटलं, आता हा शिव्या देणार. तिनं फोन जरा लांब धरला.

पण विपुलनं आयुष्यात पहिल्यांदा बापाला चिंबोऱ्यांबद्दल काही विचारलं होतं. दयारामनं घास ताटात ठेवला, हात झटकला आणि फोन स्वतःच्या हातात घेतला. म्हणाला, "ऐक. गोनपाट घे. खाडीच्या पान्यात भिजव, नलाच्या न्हाय, नलाच्या पान्यानं मरतान. पालथ्या ठेवू नको. सावलीत ठेव, पन वारा लागाया पायजे. सकाल-सांच्याला गोनपाट वला करायचा. बांधलेली गवताची गाठ सैल झाली तर परत बांधायची. कशी बांधायची, सांगू?"

"सांग, सांग," विपुल म्हणाला. "थांब, स्पीकरवर टाकतो. कामाचा मानूस लिवून घेईल."