आडवं झाड

शुक्रवारपासून ताडपत्रीखाली बसून मार्नी एकच वाक्य तोंडात घोळवत होती, आणि ते काही बाहेर पडत नव्हतं. वाक्य साधंच होतं. 'बाबा, मला लांब स्पोकेन शहरात सिटी बस चालवायची नोकरी लागलीय, सोमवारी सकाळी हजर व्हायचंय.' एवढं बोलायला काही जीभ झडत नाही. पण आई गेल्यापासून घरात ती आणि बाप आर्व्हिड, दोघंच. त्याचं जेवण, त्याची औषधं, त्याच्या निकामी खांद्याला शेक, सगळं तिच्याच हातचं. चाळिशी उलटली तरी गाव तिला 'आर्व्हिडची पोरगी' म्हणूनच ओळखत होतं. कॅम्पिंगचा हंगाम संपता संपता या तळ्याकाठी येऊन तंबू ठोकायचा, ही घरची रीत. तळ्याकडे बघत सांगितलं की म्हाताऱ्याला कमी लागेल, असा तिचा हिशोब होता.

हिशोबात वारा धरलेला नव्हता. शुक्रवारी संध्याकाळी तो सुटला आणि कॅम्पमधून बाहेर जाणाऱ्या एकुलत्या एका रस्त्यावर कमरेएवढ्या जाडीचं हेमलॉकचं झाड आडवं झालं. पुढे हमरस्त्यापर्यंत सगळं मोकळं होतं, मध्ये हे एकच धूड. कॅम्पची राखणदार बेव्ह हिने वायरलेसवर विचारलं, तर काउंटीच्या रस्तेवाल्यांनी मंगळवारचा वायदा केला. पहिल्या दिवशी जो येणार नाही त्याचं नाव कापलं जाईल, असं बसवाल्यांनी स्पष्ट बजावलं होतं.

"बाबा, तुझी करवत कुठेय?" तिने शनिवारी सकाळी विचारलं होतं.

"धार लावायला दिलीय."

"आत्ता? वाऱ्याच्या दिवसांत?"

"मग काय, वाऱ्याला विचारून धार लावायची?"

खरं तर तिथेच तिला संशय यायला हवा होता. जन्मभर जंगलतोडीत काढलेला हा माणूस चर्चला जातानाही पिकअपमध्ये मोटरची करवत ठेवायचा. पण घरच्या माणसावर कोण संशय घेतं?

बाकीचे चार-दोन कॅम्पवाले शहरातले. त्यांतला प्रेस्टन नावाचा सिअ‍ॅटलचा गृहस्थ एक घडीची करवत घेऊन त्या खोडाशी तासभर झटला आणि थोडी साल खरवडून परत आला.

पाऊस पडत राहिला. मधूनच थांबला तरी कळत नव्हतं, कारण वरचे स्प्रूस आणि सीडर वृक्ष आपापल्या साठ्यातलं पाणी गाळतच होते. दोरीवरचे मोजे टाकले त्यापेक्षा ओले झाले होते. लाकडं नुसती धुमसत होती. तळं हळूहळू चढून जेवायच्या टेबलाच्या पायांशी आलं होतं, आणि जिकडे बघावं तिकडे शेवाळ. फार वेळ एका जागी बसलो तर आपल्यावरही उगवेल, असं मार्नीला वाटायला लागलं. मागे झाडं, पुढे पाणी, मध्ये ताडपत्री आणि बाप. तिचा जीव गुदमरत होता.

आर्व्हिड मात्र मजेत होता. पत्त्यांत तिला हरवत होता, तिने भाजलेले पॅनकेक मागून मागून खात होता. "किती दिवसांनी एवढी निवांत बसलीस," असंही एकदा म्हणाला. तिला ते ऐकवेना.

रविवारी सकाळी तंबूत पाणी शिरलं. सामान उचलायला ती आत गेली तसा तो बाहेरून ओरडला, "माझ्या खाटेखालचं राहू दे! मी बघतो!"

"त्या खांद्याने? बस गप."

खाटेखाली आईचा जुना पिवळा रेनकोट होता, आणि त्यात काहीतरी गुंडाळलेलं. उचललं तर जड. तंबूत आदल्या दिवसापासून पेट्रोलचा वास येत होता. स्टोव्ह गळतोय, असं त्याने सांगितलं होतं आणि तिने ते खरं मानलं होतं. रेनकोट उलगडला तर आत करवत, टाकी भरलेली, साखळीचे दात नुकतेच घासलेले.

"बाबा, हे काय आहे?"

आर्व्हिडने कॉफीच्या मगातून मान वर केली नाही. "करवत."

"ते मलाही दिसतंय. लपवलीस कशाला?"

"मंगळवारी येतायत ना ते लोक. घाई काय आहे एवढी?"

"घाई काय आहे ते तुला..." म्हणता म्हणता ती थांबली. याला माहीत होतं. सगळं माहीत होतं. "कुणी सांगितलं तुला?"

"तू नाही गेलीस तर घेतील ते दुसऱ्या कुणाला," तो म्हणाला. "बस चालवणारे काय, ढिगाने मिळतात. मग तू घरी येशील. एवढंच."

मार्नीला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. आपल्या सख्ख्या बापाने आपल्याला कोंडून ठेवलं, आणि वर आपण त्याला पॅनकेक भाजून घातले. तिने करवत उचलली आणि रस्त्याकडे चालू लागली.

लहान असताना तिने फांद्या कापल्या होत्या, त्यापलीकडे काही नाही. दोरी ओढून ओढून एकदाची मोटर सुरू झाली. आवाज ऐकून बेव्ह आली, प्रेस्टन आला. सगळ्यांच्या मागे खिशात हात घालून आर्व्हिडही येऊन उभा राहिला. खोडाची दोन्ही टोकं रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांवर टेकली होती. मार्नीने करवत मधोमध वरून लावली. ओला भुसा उडाला. पातं अर्ध्यापर्यंत आत गेलं, आणि एकदम फट मिटली. खोडाने पातं घट्ट धरलं, मोटर बंद पडली. तिने ओढलं, हिसडलं, खोडाला पाय लावून पुन्हा ओढलं. करवत तसूभर हलेना.

"अडकली वाटतं," प्रेस्टन म्हणाला.

"छे, जरा आराम करतेय," बेव्ह म्हणाली.

मार्नी खोडावर टेकली. हे असंच राहणार, तिला वाटलं. मंगळवारी रस्ता उघडेल, आपण गुपचूप घरी जाऊ आणि संध्याकाळी खांदा शेकायला पाणी तापत ठेवू.

तेवढ्यात आर्व्हिड तरातरा पुढे आला.

"असं कापतात? अगं, दोन टोकांवर टेकलंय, मधलं अंग लोंबतंय, वरून चिरलंस तर मिटणारच की! माझ्या घरात वाढलीस आणि एवढं कळत नाही?"

"तू मला चुलीपासून हलू कधी दिलंस?"

जॅकेटच्या खिशातून त्याने प्लास्टिकची पाचर काढली. म्हणजे तीही घेऊनच आला होता. फटीत पाचर धरून बेव्हच्या कुऱ्हाडीच्या बोथट बाजूने चांगल्या हाताने ठोके घातले. खोड करकरलं, फट उघडली. त्याने करवत सोडवून तिच्या हातात दिली.

"माझ्याच्याने धरवत नाही. तूच काप. आता खालून वर. पाय मागे. आणखी मागे! सुटलं की पायावरच येतं ते."

ती खालून कापत गेली आणि तो तिच्या खांद्यामागून शिव्या घालत राहिला. इतक्या खुशीत तिने त्याला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. मग मोठा आवाज झाला, खोड दुभंगलं. दुसरा काप घेतला, मधला तुकडा सगळ्यांनी मिळून खड्ड्यात लोटला. समोर रिकामा रस्ता दिसला, आणि आपण काय करून बसलो ते आर्व्हिडला तेव्हा कुठे कळलं. त्याचा चेहरा उतरला. करवत तशीच अडकू दिली असती तर त्याला हवं ते आपोआप झालं असतं. पण डोळ्यांदेखत चुकीचा काप त्याला सहन झाला नव्हता.

तंबू कसाबसा गुंडाळून दोघं पिकअपमध्ये बसली. मार्नीने इंजिन सुरू केलं, आणि कापलेल्या खोडांच्या मधोमध आल्यावर तिचा पाय ब्रेकवरून उठेना. शुक्रवारपासून इथून सुटायला जीव तळमळत होता, आणि आता सुटता येत नव्हतं. मागे प्रेस्टनने हॉर्न दिला.

"जा की," आर्व्हिड म्हणाला. "लोक खोळंबलेत."

हमरस्ता लागला.

"तुला सांगितलं कुणी?" तिने पुन्हा विचारलं.

"घरी बसवाल्यांचा फोन आला होता. तू बाजारात गेली होतीस. गणवेशाच्या जॅकेटचं माप हवं होतं त्या पोरीला."

"मग?"

आर्व्हिडने बाहीने शेजारची काच पुसली.

"तुझ्या मापापेक्षा एक मोठं सांगितलं. तिकडे बर्फ पडतो. आत स्वेटर मावायला नको?"