मोरपंखी गिटार

मारुतीरावांना बाजारात आजवर कुणी फसवलेलं नाही, हे हिंडलग्यात लहान पोरालासुद्धा ठाऊक आहे, आणि ज्याला ठाऊक नसेल त्याला मारुतीराव स्वतः सांगतात. नोकरी बेळगावच्या बस डेपोत, पण जीव सगळा जनावरांच्या बाजारात. बैलाचे दात बघून वय सांगणार आणि मोटरसायकलचा आवाज ऐकून आधीच्या मालकाचा स्वभाव सांगणार. त्यामुळे घरातली जुनी गिटार विकायची ठरली, तेव्हा ती कशी विकायची हे त्यांना शिकवायची कुणाची टाप नव्हती.

गिटार थोरल्या भावाची, भावकू अण्णांची. अण्णा लोंढ्याला रेल्वेत होते. तिथला एक गोवेकर ड्रायव्हर मुलाकडं ऑस्ट्रेलियाला कायमचा निघाला, तेव्हा आपली विजेवरची गिटार त्यांना देऊन गेला. अण्णा नाद लागल्यासारखे शिकले, लग्नांच्या ऑर्केस्ट्रात वाजवू लागले. मारुतीरावांच्या मते तेवढ्या वेळात माणसानं दोन एकर ऊस उभा केला असता. काही वर्षांमागं अण्णा वारले. तेव्हापासून त्यांची बायको, यशोदाबाई, रोज सकाळी मऊ फडक्यानं ती गिटार पुसायच्या. कुणी विचारलं तर म्हणायच्या, धूळ बसते.

आता मारुतीरावांची मुलगी रचना कॉलेजात गेली आणि तिला कॉलेजच्या बँडचं खूळ लागलं. बँडवाले घ्यायला तयार होते, पण गिटार स्वतःची हवी.

"मोठ्या आईला विचारून मोठ्या आप्पांची घेऊ?" तिनं विचारलं. काकू-काकांना ती तसंच म्हणायची.

"खटाऱ्यावर कोण गाडी शिकतं व्हय गं?" मारुतीराव म्हणाले. विषय संपला.

संपला नव्हता, कारण रचनानं गिटारीचा फोटो मैत्रिणीला पाठवला, मैत्रिणीनं निपाणीच्या आपल्या मामाला, आणि मामा म्हणजे चिंतामणी सर. भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, जुन्या गिटारींचे वेडे. त्यांनी लगोलग फोन केला. ही अमेरिकेतली दिसते, साठेक वर्षांची असावी, पण हातात घेऊन बघायला हवी. खरी निघाली तर घेणारे आहेत.

"किती येतील सर, अंदाजे?"

"अंदाजे सांगायचं तर... एका चांगल्या दुभत्या म्हशीएवढे."

हे मात्र मारुतीरावांना नीट कळलं. जुनी विकायची, रचनाला नवी घ्यायची, उरलेल्यात विहिरीची मोटर दुरुस्त करायची. जेवणाचं ताट उचलायच्या आत निर्णय झाला. यशोदाबाई तिथंच भाकरी थापत होत्या. गिटार घराबाहेर जावी असं त्यांच्या मनात नव्हतं, हे आंधळ्यालाही कळलं असतं, कारण त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. पण दिरानं एक ठरवल्यावर "न्हाय" म्हणायची त्या घरात रीत नव्हती, आणि यशोदाबाई रीतीच्या पक्क्या. सून म्हणून आल्यापासून तो शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता.

मधे एक दिवस मारुतीराव डेपोत असताना सरांचा घरी फोन आला. यशोदाबाईंनी घेतला. संध्याकाळी भात वाढताना त्यांनी निरोप दिला.

"निपाणीच्या सरांचा फोन आलता. रविवारी येतो म्हणाले. गिटार जपून ठेवा म्हणाले."

"बरं."

"पर भावजी, अशी मळकी दाखवतासा व्हय त्यांना? बैल असता तर शिंगं तासून, रंग लावून, मगच बाजार दाखवला असता तुम्ही."

मारुतीरावांचा घास हातातच राहिला. इतकी साधी गोष्ट आपल्याला सुचू नये, याची त्यांना लाज वाटली.

"वैनी, लई बरोबर बोललासा."

दुसऱ्याच दिवशी गिटार हायवेवरच्या गुंडू पेंटरकडं गेली. गुंडू ट्रकच्या बॉडी रंगवतो, आणि ज्या ट्रकला त्याचा हात लागतो तो घाटात लांबूनही ओळखू येतो. त्यानं गिटार लाकूड दिसेपर्यंत घासली. मोरपंखी रंगाचे दोन हात दिले, कडेनं पिवळी रेघ ओढली. वरच्या टोकाला कसलं तरी इंग्रजी नाव अर्धवट पुसलेलं होतं, तिथं छानपैकी कमळ काढलं. गंजलेली बटणं भंगारात टाकून चकचकीत नवी बसवली. मारुतीरावांनी खूश होऊन ठरल्यापेक्षा जास्त पैसे दिले, हे त्यांच्या हातून आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

गिटार बघून रचनानं तोंडावर हात ठेवला. बापाला वाटलं, पोरीला आनंद झाला. यशोदाबाईंनी एकदा बघितलं आणि म्हशीला पाणी दाखवायला म्हणून गोठ्यात गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत.

रविवारी चिंतामणी सर आले, पिशवीत छोटा अँप्लिफायर घेऊन. मारुतीरावांनी गिटार नव्या टॉवेलखाली झाकून ठेवली होती. सरांनी चहा नाकारला, गिटार आधी म्हणाले. मारुतीरावांनी टॉवेल ओढला.

सर उभे होते ते खाली बसले. पाणी आणावं लागलं.

"हे कुणी केलं?" पाणी पिऊन त्यांनी विचारलं.

"आपला गुंडू. नंबर देऊ काय? तुमच्याकडच्या पण जुन्या असतील न्हवं?"

सरांनी तारा काढल्या, मागचे स्क्रू सोडवले आणि गिटारीचा दांडा वेगळा केला. दांड्याचं टोक लाकडात बसतं तिथं गुंडूचा ब्रश पोहोचला नव्हता. तिथं पेन्सिलीनं १९६४ लिहिलेलं होतं. कारखान्यातल्या कुणा कामगाराच्या हातचं.

"खरी आहे हो," सर म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"म्हंजे म्हैस?"

"म्हैस होती, मारुतीराव. जुन्या गिटारीला किंमत येते ती मूळच्या रंगामुळं. बारीक चिरा, मळ, हातानं झिजलेली जागा, गंजकी बटणंसुद्धा. तेच बघून लोक घेतात. तुम्ही सगळं तासून टाकलंत. आता नव्या शिकाऊ गिटारीएवढेसुद्धा कुणी देणार नाही."

"नव्या रंगाचे काय वेगळे न्हाईत?"

"नाहीत."

मारुतीरावांचा चेहरा पडला.

"पण मी फोनवर बजावलं होतं!" सरांचा आवाज चढला. "पुसूसुद्धा नका म्हणालो. रंगाचं तर दोनदा सांगितलं. तुमच्या घरातल्या बाईंनी मला परत म्हणूनही दाखवलं!"

मारुतीरावांनी स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं. यशोदाबाई चहा घेऊन बाहेर येत होत्या.

"साखर कमी वाटली तर सांगा," त्या सरांना म्हणाल्या.

सर भला माणूस. आलोच आहे तर बघतो म्हणून त्यांनी दांडा बसवला, नव्या तारा चढवल्या, अँप्लिफायर जोडला. रचनाला जवळ बसवून सांगितलं, की पहिली गिटार घेताना दांडा सरळ आहे का बघायचं. तारा दांड्यापासून फार उंच नकोत, नाहीतर बोटं सोलतात आणि पोरं आठवड्यात नाद सोडतात. लावलेला सूर टिकला पाहिजे. "हिचं हे सगळं ठीक आहे. दुसरी घेऊ नकोस. रंग कुठलाही चालतो," ते म्हणाले, पण हे म्हणताना त्यांनी डोळे मिटून घेतले होते. मग अँप्लिफायर रचनाकडंच ठेवून ते निपाणीला परत गेले.

मारुतीराव परसात आले. यशोदाबाई भांडी घासत होत्या.

"वैनी, सर फोनवर काय म्हणालते?"

"रंग लावला तर कोण घेणार न्हाय म्हणालते."

"मग?"

"मग लावला."

मारुतीरावांना राग यायला हवा होता. तो आलाही, पण वहिनींकडं बघितल्यावर कुठं ठेवावा हे त्यांना कळेना. आधीच चकचकीत झालेला तांब्या त्या घासतच होत्या.

"त्यांचा हात टेकायचा तिथला रंग उडालता," यशोदाबाई म्हणाल्या. "रोज पुसताना मी तिथं हात ठेवायची. ती जागा गेली, भावजी. माझ्या हातानं घालवली मी. गोठ्यात बसून लई रडले. पर गिटार घरातनं गेली न्हाय."

"एकदा न्हाय म्हणायचं हुतं की, वैनी."

"मला इचारलं कुणी?"

नळ चालू होता तो मारुतीरावांनी उगाच बंद केला. आतून रचना एकच तार पुन्हा पुन्हा छेडत असल्याचा आवाज येत होता.

"वैनी," ते म्हणाले, "रचनानं वाजवली तर चालंल न्हवं?"

यशोदाबाईंनी हातातलं भांडं खाली ठेवलं आणि खरोखर विचार केला.

"आज न्हाय," त्या म्हणाल्या. "आज माझ्याजवळ असू दे."

मारुतीराव बरं म्हणाले आणि रचनाला तसं सांगायला आत गेले.