थ्रॉटलची रेघ

आमच्या घरात विमान आहे. कार्डिफमधल्या आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर, मागच्या खोलीत, जिथे आमचा मुलगा अनिश अभ्यासाच्या नावाखाली झोपा काढायचा, तिथे ते उभं आहे. तीन स्क्रीन, पायाशी दोन पेडल, समोर सुकाणू आणि उजव्या हाताला एक काळी पेटी. पेटीच्या खाचेतून वर आलेला दांडा म्हणजे थ्रॉटल. तो पुढे ढकलला की इंजिनाचा जोर वाढतो, मागे ओढला की कमी होतो. एवढं मला कळतं, आणि याहून जास्त कळून घ्यायची मला हौस नव्हती.

हौस सगळी अतुलची, म्हणजे माझ्या नवऱ्याची. लग्नाआधीपासून मी त्याला अतुलच म्हणते, सासूबाईंना ते शेवटपर्यंत रुचलं नाही. मार्चमध्ये त्याला स्ट्रोक आला. लहानसा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ज्याला येतो त्याला तो लहान नसतो. बोलणं आठवड्यात सुधारलं, पाय महिन्यात, पण उजवा हात रुसून बसला. चाळीस वर्षं पूल बांधलेल्या माणसाला शर्टाचं बटण लावता येईना. थेरपिस्टने सांगितलं, मणी चिमटीत धरून वाटीत टाकायचा व्यायाम करा. मण्यांवर कशाला पैसे घालायचे? मी डबे उघडले. राजम्यापासून सुरुवात केली, मग चवळी, मग मूग. मटकीपर्यंत पोचलो आणि तिथे गाडं अडलं. एके दिवशी अतुलने वाटीच भिरकावली. अजूनही सोफा सरकवला की दोन-चार मटक्या सापडतात.

तेव्हा केंब्रिजहून अनिशने हे विमान आणून बसवलं. खुर्चीत बसलं की सुकाणू डाव्या हातात आणि थ्रॉटल उजव्या. अतुल रोज सकाळी उडायला लागला, आणि हात हळूहळू माणसात आला. सप्टेंबरात बटणं लागली. गाडी चालवता येते का, याची तपासणी करून घ्या असं त्याला सांगण्यात आलं होतं. तिची तारीख मिळाली, नोव्हेंबरातला एक गुरुवार. तासभर तज्ज्ञाला शेजारी बसवून गाडी चालवून दाखवायची. मार्चपासून गाडी मी चालवत होते आणि हा शेजारी बसून पायाखालच्या मॅटवर ब्रेक मारत होता. त्या गुरुवारकडे तो लहान मुलासारखा डोळे लावून बसला होता.

मधे दसरा आला. दरवर्षी आम्ही गाडीची पूजा करतो; मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होते तेव्हा तिथल्या सूक्ष्मदर्शकालाही गुपचूप एक फूल वाहायचे. यंदा अतुल म्हणाला, "गाडी तर तुझी झालीय. माझ्या विमानाची कर." केली. झेंडू मिळाला नाही, बागेतली शेवंती घातली. ओल्या कुंकवाची बोटं ओढली, सढळ हाताने अक्षता टाकल्या आणि मनातल्या मनात म्हटलं, बाई गं, याचा हात बरा कर. देवाकडे मागताना मी कधी काटकसर केलेली नाही.

त्यानंतर आठवड्याभरात विमान बिघडलं.

उंच आकाशात असेपर्यंत सगळं ठीक असायचं. उतरायची वेळ आली, धावपट्टी समोर दिसायला लागली, थ्रॉटल अर्ध्यावर आणला, की इंजिन उचक्या द्यायला लागायचं. विमान नाक वर करायचं, खाली करायचं, आणि शेवटी कार्डिफच्या धावपट्टीच्या अलीकडच्या शेतात जाऊन आदळायचं. पहिल्या दिवशी अतुल हसला. चौथ्या दिवशी हसला नाही.

मग अनिशचे व्हिडिओ कॉल सुरू झाले. तो केंब्रिजमध्ये बसून इथला कॉम्प्युटर चालवायचा. स्क्रीनवरचा बाण आपोआप फिरायचा.

"बाबा, ड्रायव्हर जुनी झाली आहे," तो म्हणाला. त्याचं मराठी इथेच वाढलेलं, त्यात बायकापुरुषांची सरमिसळ चालते. "थ्रॉटल काय सांगतो ते कॉम्प्युटरला समजवणारा सॉफ्टवेअर. मी नवीन टाकतो."

नवीन टाकलं, विमान शेतात. जुनं परत टाकलं, विमान शेतात. वायर बदलली, मग ती कॉम्प्युटरला जिथे खोचतात तो जोड बदलला. वीज वाचवायला कॉम्प्युटर मधेच जोड झोपवतो म्हणे, ते बंद केलं. तरी विमान शेतातच.

"काही स्पिल झालं का त्याच्यावर? टी, ज्यूस, एनीथिंग?" अनिशने विचारलं.

"वरच्या खोलीत चहा नेऊ देते का मी?" मी म्हणाले. अतुलनेही मान हलवली. आम्ही दोघांनी इतक्या ठामपणे नाही म्हटलं की अनिशने तो विषय पुन्हा काढला नाही.

गुरुवारच्या आधीच्या रविवारी अनिशने एक नवा प्रोग्रॅम चढवला. स्क्रीनवर एक निळी रेघ डावीकडून उजवीकडे सरकत होती. थ्रॉटल जे सांगेल ते ती रेघ काढणार. अनिशने दांडा पूर्ण मागे ओढून ठेवायला सांगितलं. रेघ सरळ. दोन मिनिटं, पाच मिनिटं, एकदम सरळ.

"डेड फ्लॅट. हार्डवेअर फाइन आहे, बाबा. आता तुम्ही धरा आणि लँडिंगसारखा अर्ध्यावर आणा."

अतुलने दांडा धरून अर्ध्यावर आणला. रेघ थरथरायला लागली.

मग अनिश घाईघाईने म्हणाला, "आय मीन, सेटिंग असेल काही. सेन्सिटिव्हिटी कमी करतो. म्हणजे छोटे छोटे मूव्हमेंट्स इग्नोर होतील."

"नको," अतुल म्हणाला. "कळलं मला."

त्याने दांडा पुन्हा मागे ओढून ठेवला. त्या संध्याकाळी चहाचा कप त्याने डाव्या हातात घेतला. जेवताना चमचाही डाव्या हातात. मी पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं. रात्रभर मला वाईट वाटत होतं आणि राग येत होता, आणि राग नेमका कोणावर ते ठरत नव्हतं.

सोमवारी सकाळी नाश्ता झाल्यावर तो म्हणाला, "मधू, मी त्या तपासणीवाल्यांना फोन करून रद्द करतोय."

"काय म्हणून?"

"हात थरथरतो. मला जाणवत नाही, आणि तेच जास्त वाईट आहे. त्या माणसाला शेजारी बसवून मी रस्त्यावरच्या कुणाच्या अंगावर गाडी घालायची?"

"थेरपिस्टला विचारू या आधी."

"रेघ दिसली ना? रेघ खोटं बोलत नाही. तू ते वरचं बंद कर आणि खोक्यात भरून ठेव. अनिश येईल तेव्हा घेऊन जाईल."

तो टेलिफोन स्पीकरवर टाकून स्वयंपाकघरात बसला. तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, असं सांगून तिथल्या बाईने संगीत लावून दिलं. मी खोकं घेऊन वर गेले.

कॉम्प्युटर चालूच होता. निळी रेघ सरळ चालली होती, दांडा मागे ओढलेला होता, कालचाच. मी प्लग काढायला वाकले आणि तशीच खुर्चीवर बसले.

सव्वीस वर्षं मी रक्ताचे नमुने तपासले आहेत. आकडा विचित्र आला की आम्ही पेशंटला दोष देत नव्हतो, आधी यंत्राला उलटतपासणीला उभं करायचो. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मी नव्या पोरापोरींना घोकून घोकून शिकवलं होतं. काल माझ्या डोळ्यांसमोर दोन गोष्टी एकदम बदलल्या होत्या. रेघ सरळ होती तेव्हा दांडा मागे होता आणि हात नव्हता. रेघ थरथरली तेव्हा दांडा अर्ध्यावर होता आणि हातही होता. मग थरथर हाताची की त्या जागेची? दांडा अर्ध्यावर आणि हात नाही, हे कुणी पाहिलंच नव्हतं. अनिशने नाही, कारण तो केंब्रिजला. मी नाही, कारण मी नवऱ्याचं तोंड बघत बसले होते.

करायला दोन सेकंद लागणार होते, आणि माझा हात उचलेना. खाली संगीत चालू होतं. दांडा अर्ध्यावर ठेवून रेघ सरळ राहिली, तर मग संशयाला जागाच उरणार नव्हती. मला भीती वाटली. साठी उलटलेली बाई एका काळ्या पेटीला घाबरून बसली होती, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

मी दांडा अर्ध्यावर नेला. सोडला. हात मागे घेऊन मांडीवर ठेवला.

रेघ थरथरत होती. माझे दोन्ही हात मांडीवर, अतुलचे दोन्ही हात खाली स्वयंपाकघरात, आणि रेघ थयथयाट करत होती.

"अतुल!" मी जिन्यावरून ओरडले. "फोन ठेव!"

"नंबर लागतोय आता, दुसरा आहे मी!"

"ठेव म्हणते ना! वर ये आधी!"

तो आला. कठड्याला धरून, जरा धापा टाकत. मी त्याला काही सांगितलं नाही, नुसतं दाखवलं. दांडा मागे, रेघ सरळ. दांडा अर्ध्यावर, हात वर, रेघ वेडीवाकडी. तीनदा केलं. चौथ्यांदा त्याने स्वतः केलं. दांडा सोडला आणि दोन्ही हात, पोलिसाने दटावल्यासारखे, वर धरून उभा राहिला.

"कोणी धरलेलं नाहीये," तो म्हणाला.

"नाहीये."

तो पलंगाच्या कडेवर बसला. म्हणाला, "माझ्या मनात आलं होतं. काल रात्री. सोडून बघावं म्हणून. उठून इथपर्यंत आलोही होतो." त्याने दांड्याकडे पाहिलं. "सरळ आली असती तर काय केलं असतं मी?"

मी त्याच्या शेजारी बसले. मीही आत्ताच त्याच भीतीतून जाऊन आले होते.

मग मी स्क्रूड्रायव्हर आणला. पेटी उलटी करून मी चार स्क्रू काढले, खालचं झाकण उचललं, आणि मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. दांड्याच्या मुळाशी एक काळी गोल पट्टी होती आणि दांडा हलला की एक बारीकसा पत्रा तिच्यावरून सरकत होता. पट्टीच्या बरोबर मधोमध, जिथे पत्रा अर्ध्यावर येतो तिथे, वरच्या खाचेतून ठिबकलेलं लालभडक कुंकू वाळून बसलं होतं. आणि पेटीच्या कोपऱ्यात पाच-सहा तांदूळ, कुंकवाने गुलाबी झालेले.

स्पिल झालं का, असं पोराने विचारलं होतं. पूजेला सांडणं म्हणायचं माझ्या मनातही आलं नाही, आणि अतुलच्याही नाही. पंधरा दिवस कॉम्प्युटरची आतडी बाहेर काढली, आणि विमान आदळवत होतं ते माझं कुंकू.

"मी केलं हे," मी म्हणाले. "तुझ्या हातासाठी मागितलं होतं रे मी. देवीला म्हटलं होतं, याचा हात बरा कर. आणि मीच तुला तुझ्या हातावर संशय घ्यायला लावला." मला रडूच आलं. लॅबमध्ये सव्वीस वर्षांत एक नमुना खराब केला नव्हता मी.

अतुल पेटीत बघत होता. आधी त्याचे खांदे हलायला लागले, मग पोट. मार्चपासून तो असा हसला नव्हता. "पुरावा पुसू नकोस," तो म्हणाला, "अनिशला फोटो पाठवायचाय. त्याला विचारू, कुंकवाची ड्रायव्हर मिळते का."

"हसतोस काय?"

"हसू नको तर काय करू? सांगितलं कोणी होतं विमानाची पूजा कर म्हणून? मीच ना?" तो पेटीवर वाकला. "अशी रडू नकोस. इकडे ये, मान खाली कर जरा."

मी मान खाली केली. त्याने पेटीच्या कोपऱ्यातला एक तांदूळ उचलला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. "अखंड सौभाग्यवती भव," तो सासूबाईंच्या आवाजात म्हणाला. "झाली पूजा पूर्ण."

मी हसले, डोळे पुसले आणि मग माझ्या लक्षात आलं.

"अतुल, कुठल्या हाताने उचललास?"

त्याने पाहिलं. डावा हात पेटीला धरून होता. उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट, दोन्हींच्या टोकांना कुंकवाचा गुलाबी डाग लागला होता. मटकीला हरलेली बोटं होती ती.

त्याने पुन्हा पेटीत हात घातला, उजवाच, आणि दुसरा तांदूळ उचलला.