पडला नाही तो पेशंट

"पोट सैल सोडा," तपासणी बोर्डाचे मोठे डॉक्टर म्हणाले, आणि तिनं ते असं झकास सोडलं की बघत राहावं. सोडणारच. बावीस वर्षं ती याच हॉस्पिटलात आया होती. टेबलावर आखडून पडलेल्या बायाबापड्यांना ती रोज हेच सांगायची: घाबरायचं नाही, गुडघे वर घ्या, तोंडानं श्वास सोडा, पोट उशीसारखं मऊ ठेवा.

डॉक्टरांनी बेंबीच्या उजवीकडे बोटं दाबली. "इथे दुखतं?"

"आत्ता तेवढं नाही साहेब. उचलताना बघा ना, जीव जातो."

"बरं. उठा."

ती कुशीवर वळली, पाय खाली सोडले आणि हाताच्या रेट्यानं अलगद उठून बसली. ऑपरेशन झालेल्या पेशंटना ती असंच उठवायची. डॉक्टरांनी तिला उठताना पाहिलं, मान हलवली आणि कागदावर लिहायला घेतलं.

दुखणं सुरू होऊन साडेचार महिने झाले होते. वॉर्डात तिला सगळे क्रेन म्हणत, आणि खोटं कशाला बोला, तिला ते आवडायचं. त्या दिवशी एका अगडबंब गृहस्थांना चादरीसकट स्ट्रेचरवरून खाटेवर घ्यायचं होतं. खाटेच्या बाजूनं ही ओढणार, स्ट्रेचरच्या बाजूनं तिची जोडीदारीण लांबुडकी ढकलणार. मोजणी नेहमीसारखी हिचीच. एक, दोन, तीन. तीनला स्ट्रेचर मागे सरकलं. ब्रेक लावायचाच राहिला होता. लांबुडकी "अगं आई गं!" म्हणून चादर सोडून मोकळी झाली. गृहस्थ अधांतरी. हिनं मात्र चादर सोडली नाही. गुडघा खाटेला रोवून तिनं एकटीनं तो सगळा देह ओढून घेतला, आणि पोटात उजवीकडे काहीतरी टर्रकन फाटल्यासारखं झालं.

ती थोरल्या सिस्टरकडे गेली. सिस्टर वाईट नव्हत्या. त्यांनी अपघाताची वही उघडली.

"पेशंट पडला का?"

"नाही."

"मग काय लिहू गं? इथे पडलेल्या पेशंटचाच रकाना आहे."

पडला असता तर चौकशी झाली असती, जबाब झाले असते, सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं असतं. पडला नाही, म्हणून वही मिटली.

तेव्हापासून शिंक आली तरी तिला भिंत धरावी लागे. हसणं तिनं कमी केलं होतं, कारण हसलं की कळ. दोन वर्षांची नात हात वर करून समोर उभी राहायची, तर ही खाली फतकल मारून बसायची आणि म्हणायची, "तूच ये गं माझ्याकडे." तीनदा सोनोग्राफी झाली, तीनदा रिपोर्ट नॉर्मल. त्या शब्दाचा तिला आता संताप येई. नवरा आधी काळजी करायचा, हल्ली तोही नुसता "हं" म्हणायचा. तिला फार काही नको होतं. कपड्यांच्या खोलीत बदली हवी होती. तिथे चादरींच्या घड्या घालायच्या असतात, माणसं उचलायची नसतात. बोर्डानं "जड काम देऊ नये" एवढे चार शब्द लिहिले की झालं.

डॉक्टरांनी दोनच लिहिले. कामास योग्य.

ती बाहेर बाकावर बसली. कागद पुन्हा वाचला. मग नुसती बसून राहिली, आणि बसल्याबसल्या तिच्या डोक्यात लख्ख पडलं. पोट आवळलं की दुखतं. सैल सोडलं की दुखणं दडी मारून बसतं. आणि ही शहाणी आपलं बावीस वर्षांचं शहाणपण घेऊन टेबलावर चढली होती! दुसरी कुणी आखडली असती, धडपडत उठली असती, कळवळली असती.

ती तशीच आत घुसली. डॉक्टर हात धूत होते.

"साहेब, मी चुकीचं उठले. परत एकदा बघा. मी सरळ उठून दाखवते."

कुणी हो म्हणायच्या आत ती टेबलावर आडवी झाली. हात छातीवर घेतले आणि कशाचाही आधार न घेता उठायला गेली. अर्ध्यावर कळ आली. ती ओरडली ती अगदी खरी ओरडली. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. दाराशी उभ्या कारकुनानं हसू दाबण्यासाठी मान फिरवली.

"मावशी," डॉक्टर समजुतीनं म्हणाले, "दहा मिनिटांपूर्वी छान उठलात की."

"तेच तर चुकलं साहेब! तुमच्या हाता-पाया पडते. मी खोटं बोलत नाही हो. माझ्याच्यानं नाही होत आता."

"सही झाली आहे. त्रास वाढला तर पुढच्या बोर्डाला या. वर्षानं."

वॉर्डात आल्यावर लांबुडकीनं तिच्या हातातला कागद घेऊन वाचला.

"मी जाऊन सांगू का त्यांना? चादर माझ्या हातून सुटली म्हणून?"

"आता सांगतेस?"

तेवढ्यात सिस्टरची हाक आली. तीन नंबरच्या खाटेवर पेशंट घ्यायचा होता, आणि हात कमी होते.

स्ट्रेचरवर एक जाडजूड म्हातारी होती, घाबरून डोळे मिटून पडलेली. हिनं आधी वाकून स्ट्रेचरचे दोन्ही ब्रेक हातानं दाबून पाहिले. मग खाटेच्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि चादरीची कड मुठीत गुंडाळली.

"आजी, अंग सैल सोडा," ती म्हणाली. "मी सोडणार नाही तुम्हाला."

"एक. दोन."

पुढचा आकडा तिच्या तोंडून निघेना. तो लांबुडकीनं म्हटला.

म्हातारी अलगद खाटेवर आली. तिनं डोळे उघडले आणि, "झालं पण?" असं म्हणून ती हसली. चादर मात्र अजून हिच्या मुठीतच होती. ही खाटेच्या दांडीवर वाकून, डोळे मिटून, श्वास परत यायची वाट पाहत होती. लांबुडकीनं हिचं एकेक बोट उलगडून चादर सोडवली.

सिस्टरनं आपल्या टेबलाशी बसूनच विचारलं, "झालं का गं नीट?"

"झालं," लांबुडकी म्हणाली.

वही मिटलेलीच होती.