हिरवी पाकिटं पाहून दिलेले पाच तारे

दाजींनी पहिला ठोसा मारला तेव्हा माझ्या तोंडात घास होता. दुसऱ्या ठोशाला दात पडला. नूडल्सचा वाडगा लवंडून गरम रस्सा मांडीवर सांडला, तरी मी ओरडलो नाही. मार का बसतोय ते मला ठाऊक होतं.

मी स्वस्त होस्टिंग कंपन्यांची परीक्षणं लिहितो. वेबसाइट कुणाकडे ठेवावी आणि कुणाच्या वाऱ्याला उभं राहू नये, हे चूतुंगपासून तैपेईपर्यंतचे दुकानदार माझं वाचून ठरवतात. पान किती वेळात उघडतं ते मी मोजतो, खोटी तक्रार करून उत्तर कधी येतं ते पाहतो. को नावाच्या माणसाच्या कंपनीला मी पाच तारे दिले ते त्याची सर्व्हरची खोली बघून. आमच्याकडे तैवानमध्ये यंत्र बिघडू नये म्हणून त्यावर कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट ठेवतात. त्यावरचं नावच 'शहाण्यासारखं वाग' असं आहे. हिरवंच लागतं, मुदत संपलेलं चालत नाही आणि ते खायचं नसतं. कोच्या एकूण एक यंत्रावर पाकीट होतं, तेही ताज्या तारखेचं. एवढं जपणारा माणूस बॅकअपमध्ये हयगय करणार नाही असं मी धरून चाललो, आणि बॅकअप खरोखर परत मिळतो का हे तपासलंच नाही. गाढव मी.

माझी ताई श्यू-चिन आमच्या हाक्का लोकांची डोंगरगाणी गायची. ती गेल्यावर दाजींनी तिची दोनशे गाणी वेबसाइटवर चढवली, माझ्या सांगण्यावरून कोच्या कंपनीकडेच. ती गाणी असलेला घरचा जुना कॉम्प्युटरही मीच भंगारात द्यायला लावला. आणि त्या दिवशी सकाळी कोचा मेल आला: सात नंबरचं यंत्र जळलं, आतलं सगळं गेलं, क्षमस्व.

"तुझ्या बहिणीला दुसऱ्यांदा जाळलंस तू," दाजी म्हणाले.

मी रक्त थुंकलो. "मला नंतर मारा, दाजी. आधी त्याच्याकडे चला."

दाजी नळकाम करतात. त्यांच्या टेम्पोत हातभर लांबीचा पाना असतो. कोने सर्व्हरच्या खोलीचं दार उघडलं, मला ओळखून हसला, आणि दाजींनी तो पाना त्याच्या गुडघ्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज आला. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

मी त्याच्या छातीवर बसलो. तो काहीतरी सांगू बघत होता. त्याने तोंड उघडलं की मी तोंडावर मारत होतो. दयेची भीक मागतोय असं वाटलं मला. एकदा 'डिस्क' एवढा शब्द ऐकू आला, तेव्हा तर मी आणखी जोरात हाणलं. त्याचं नाक फुटलं, माझी बोटं सोलली.

दाजींनी सात नंबरचं यंत्र ओढून फरशीवर आपटलं. पत्रा चेपला, मग फाटला. आत दोन डिस्क होत्या. ते रडत होते आणि पाना घालत होते. दोन्हींचा चुरा होईपर्यंत थांबले नाहीत.

शेवटी मीही दमलो आणि उठलो. को कुशीवर वळला.

"डिस्क चांगल्या होत्या," तो म्हणाला. "वीज देणारा भाग जळला होता. नवा गुरुवारी येणार होता. ऐंशी गिऱ्हाइकं फोन करून डोकं खात होती, म्हणून सगळं गेलं असं लिहून टाकलं. गुरुवारी सापडलं म्हणून कळवलं असतं, तर पाया पडले असते सगळे."

"आणि बॅकअप?" मी विचारलं.

त्याने फरशीवरच्या दुसऱ्या डिस्कच्या चुऱ्याकडे बोट दाखवलं.

खोलीत बाकीची यंत्रं घुंई करत होती. दाजी गुडघ्यांवर बसले, खिशातून रुमाल काढला आणि चकचकीत तुकडे एकेक करून त्यात ठेवू लागले. एका तुकड्याने अंगठा कापला तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"यी-शान, तू यातला माणूस आहेस," ते वर न बघता म्हणाले. "जोडून देशील ना रे?"

"नाही जुळणार, दाजी," मी म्हणालो. त्यांनी ऐकलं, मान हलवली आणि कपाटाखाली गेलेला तुकडा काढायला हात घातला.